वाचकांचे प्रश्न : शेजारचे दात न कापता बसवायचा दात

गेल्या अंकात दाताच्या कॅपविषयी लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांतील बरीचशी एकाच शंकेभोवती फिरत होती. एखादा दात गेला, तर त्या जागी दुसरा बसवण्यासाठी शेजारचे धडधाकट दात घासून बारीक करावेच लागतात का, ही ती शंका. त्यांपैकी पाच पत्रे निवडून, आवश्यक तेवढी संक्षिप्त करून, येथे उत्तरांसह देत आहे. पत्रलेखकांची नावे अर्थातच दिलेली नाहीत.

प्रश्न : मी नाशिकच्या सिडकोत राहतो, वय ३४. सहा महिन्यांपूर्वी द्वारका चौकात दुचाकी घसरली आणि वरचा, मधल्या दाताच्या बाजूचा दात मुळापासून निघाला. शेजारच्या दोन्ही दातांना कीड नाही, फिलिंग नाही. एक डॉक्टर म्हणतात, दोन्ही दात घासून तीन दातांचा ब्रिज करू. दुसरे इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर दात, सुचवतात. तिसऱ्यांनी मागून पंख चिकटवून दात बसवता येईल, असे सांगितले. पण ‘तो निघतो’ असे सगळेच म्हणतात. नेमके काय करावे?

आपल्या पत्रातील सर्वांत मोलाची माहिती म्हणजे शेजारचे दोन्ही दात अखंड आहेत, ही. दात बसवताना आपण सगळे गेलेल्या दाताचा विचार करतो आणि जे उभे आहेत त्यांना गृहीत धरतो. नेहमीच्या तीन दातांच्या ब्रिजसाठी दोन्ही शेजाऱ्यांना चहूबाजूंनी घासून त्यांचे खुंट करावे लागतात आणि त्यांवर कॅप चढवावी लागते. एडेलहॉफ आणि सोरेन्सन या संशोधकांनी २००२ मध्ये पुढच्या दातांवर वजन करून याचा हिशेब मांडला होता. पूर्ण कॅपसाठी दाताच्या हिरडीबाहेरील भागाचा ६३ ते ७२ टक्के अंश खर्ची पडतो, तर व्हिनिअरसाठी (दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवायच्या पातळ पापुद्र्यासाठी) किंवा चिकटवण्याच्या पंखासाठी ३ ते ३० टक्के. घासलेले इनॅमल, म्हणजे दाताचे बाहेरचे कठीण आवरण, शरीर पुन्हा तयार करत नाही, आणि इतक्या खोलवर घासलेल्या जिवंत दातांपैकी काहींची नस पुढे कधीतरी मरते व त्यांना रूट कॅनाल करावे लागते. कीड लागलेल्या किंवा आधीच मोठे फिलिंग असलेल्या दाताच्या बाबतीत हा सौदा परवडतो. आपल्या बाबतीत, माझ्या मते, तो परवडत नाही.

तिसऱ्या डॉक्टरांनी सुचवलेल्या उपचाराला दवाखान्यांत सर्रास ‘मेरीलँड ब्रिज’ म्हणतात. कृत्रिम दाताला मागच्या बाजूने एक पातळ पंख असतो आणि तो शेजारच्या दाताच्या जिभेकडील पृष्ठभागावर रेझिन सिमेंटने, म्हणजे प्लास्टिकसारख्या घट्ट होणाऱ्या द्रव्याने, चिकटवला जातो. समोरून काहीच दिसत नाही, भूल देण्याचीही बहुधा गरज पडत नाही, कारण काम इनॅमलच्या थरापुरतेच राहते. या विद्येचा पाया १९५५ मध्ये अमेरिकेत मायकेल बुओनोकोर यांनी घातला. फॉस्फोरिक आम्लाने इनॅमल खरवडले तर त्यावर रेझिन घट्ट धरते, हे त्यांनी दाखवून दिले. १९७३ मध्ये रोशेट या फ्रेंच दंतवैद्यांनी हिरड्यांच्या आजाराने हलणारे खालचे दात छिद्रे पाडलेल्या धातूच्या पट्टीने एकमेकांना जखडले; रेझिन त्या छिद्रांतून वर येऊन पट्टीला धरून ठेवत असे. छिद्रांमुळे पट्टी दुबळी होई आणि उघडे पडलेले रेझिन झिजे. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात लिव्हाडिटिस आणि थॉम्प्सन यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला छिद्रे टाळून निकेल-क्रोम धातूची आतली बाजूच विजेच्या साहाय्याने खरवडली, आणि त्या विद्यापीठाचे नाव या ब्रिजला चिकटले ते आजतागायत. पुढे जपानमध्ये धातूशी रासायनिक बंध जोडणारे एमडीपी नावाचे द्रव्य असलेली सिमेंट आली आणि विजेचा तो खटाटोपही संपला.

आता ‘तो निघतो’ या लोकप्रवादाविषयी. तो निराधार नाही, परंतु जुना आहे, आणि त्यात दोन वेगवेगळ्या प्रकारच्या ब्रिजची सरमिसळ झाली आहे. पूर्वी दोन्ही बाजूंच्या दातांवर पंख चिकटवण्याचा प्रघात होता. दोन आधार एकापेक्षा भक्कम, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात प्रत्येक दात आपल्या हाडाच्या खोबणीत किंचित हलत असतो, आणि मधला दात व सुळा चावताना वेगवेगळ्या दिशांना ढकलले जातात. त्यांना एका कडक तुकड्याने बांधले की तो ताण अखेर सिमेंटवर येतो, आणि दोनपैकी एक पंख सुटतो. जर्मनीतील मथियास केर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढच्या दातांसाठी पूर्णतः सिरॅमिकचे ब्रिज दोन्ही पद्धतींनी बसवून त्यांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार दहा वर्षांनंतर दोन पंखांचे ७३.९ टक्के, तर एकाच पंखाचे ९४.४ टक्के ब्रिज टिकून होते. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील, प्रामुख्याने धातूच्या पंखांच्या सुमारे पावणेआठशे ब्रिजच्या पाहणीत दहा वर्षांचा टिकाव ८०.४ टक्के आढळला. हे आकडे काळजीपूर्वक काम करणाऱ्या संस्थांतील आहेत, हे लक्षात ठेवून वाचावेत; घाईत चिकटवलेल्या ब्रिजचे भवितव्य वेगळेच असते.

घाई कशाची, ते सांगतो, कारण या उपचारात सगळे यश त्या अर्ध्या-पाऊण तासात ठरते. पंख चिकटवण्याआधी दातावर रबर डॅम, म्हणजे रबराचा पातळ पडदा, ताणून बसवला जातो. त्यामुळे लाळ आणि श्वासातील ओल दातापर्यंत पोहोचत नाही. प्यूमिस या दगडाच्या बारीक भुकटीने दात स्वच्छ करून त्यावर सुमारे ३७ टक्क्यांचे फॉस्फोरिक आम्ल अर्धा मिनिट ठेवतात, भरपूर पाण्याने धुतात आणि हवेने कोरडे करतात. त्या क्षणी इनॅमल चकाकी सोडून खडूसारखे पांढरे दिसू लागते. ते तसे दिसले नाही किंवा दिसल्यानंतर लाळेचा एक थेंब लागला, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तिकडे पंखाच्या आतल्या बाजूवर अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या ५० मायक्रॉनच्या कणांचा मारा करून ती खरबरीत केलेली असते. झिर्कोनिया या कणखर पांढऱ्या सिरॅमिकच्या बाबतीत हा मारा आणि एमडीपी या दोहोंना पर्याय नाही, कारण झिर्कोनियात काच नसल्यामुळे साध्या सिरॅमिकसारखे ते आम्लाने खरवडता येत नाही. काही सिमेंट हवेतील ऑक्सिजनच्या संपर्कात घट्टच होत नाहीत. त्यांच्या कडांवर म्हणून एक जेल लावून हवा रोखली जाते. आपल्या डॉक्टरांना ‘रबर डॅम लावणार का?’ हा एक प्रश्न अवश्य विचारावा. त्याचे उत्तर टाळाटाळीचे आले, तर हा ब्रिज तेथे करून घेऊ नये.

आपल्यासाठी माझा कल एका पंखाच्या ब्रिजकडे आहे, मात्र काही गोष्टी तपासल्यानंतरच. अपघातात शेजारच्या दातांनाही मार बसलेला असू शकतो. बाहेरून ठणठणीत दिसणाऱ्या दाताची नस काही महिन्यांनी मेल्याचे आढळते, म्हणून एक्स-रे आणि नस जिवंत असल्याची चाचणी आधी व्हावी. पंखासाठी मधला दात घ्यायचा की सुळा, हे इनॅमलचा विस्तार आणि चावा (वरखालचे दात एकमेकांना कसे टेकतात ते) पाहून ठरते. खालचे दात वरच्या दातांच्या मागे खोलवर घुसत असतील, तर पंखाला जागाच उरत नाही. धातूच्या पंखाला निदान ०.७ मिलिमीटर जाडी लागते, आणि झिर्कोनियाच्या ब्रिजमध्ये पंख व दात जोडणारा भाग सुमारे तीन मिलिमीटर उंच व दोन मिलिमीटर रुंद असावा लागतो. अशा वेळी वरच्या दाताचे इनॅमल थोडे घासतात, खालच्या दाताचे टोक किंचित कमी करतात, किंवा नॉर्वेतील डाल यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत वापरतात. तिच्यात पंख मुद्दामच ‘उंच’ चिकटवला जातो, मागच्या दाढा काही काळ एकमेकींना टेकत नाहीत आणि काही महिन्यांत दात आपापल्या जागा सावरून चावा पुन्हा जुळतो. पहिले काही आठवडे जेवताना विचित्र वाटते, त्यामुळे रुग्णाला आधी समजावून न सांगता ही पद्धत वापरणे योग्य नाही. रात्री झोपेत दात खाण्याची सवय असल्यास तेही लपवू नये.

इम्प्लांट वाईट आहे, असे मी म्हणणार नाही. वयाच्या चौतिसाव्या वर्षी ते शक्य आहे आणि शेजारच्या दातांना त्यात हातही लागत नाही. परंतु शस्त्रक्रिया, हाड जुळेपर्यंतचे काही महिने आणि कित्येक पटींनी अधिक खर्च हे त्यासोबत येतात. पंखाचा ब्रिज केल्यानंतर पुढे इम्प्लांट करण्याचा मार्ग मोकळा राहतो. दात घासून खुंट केल्यानंतर मात्र मागे फिरता येत नाही.

प्रश्न : आम्ही पिंपळगाव बसवंतला राहतो. मुलगी पंधरा वर्षांची असून तिला वरच्या मधल्या दातांच्या दोन्ही बाजूंचे दात जन्मतःच नाहीत. दोन वर्षे तारा लावून जागा तयार केली, गेल्याच महिन्यात तारा काढल्या. कॉलेजला जाण्याआधी इम्प्लांट करून टाकावे का?

आताच करू नये. इम्प्लांट हाडात रुतून बसते आणि एका जागी थिजते, तर आजूबाजूचे दात व जबडा वाढतच राहतात. पंधराव्या वर्षी शेजारच्या दातांच्या रेषेत बसवलेला दात काही वर्षांनी त्यांच्यापेक्षा आखूड, वर चढल्यासारखा दिसतो, आणि ते दुरुस्त करणे जिकिरीचे असते. पुढच्या दातांच्या भागात हा बदल विशीनंतरही संथपणे चालू राहतो. दुसरीकडे, या वयात दाताच्या आतील नसेची पोकळी मोठी असल्याने कॅपसाठी दात घासणे अधिकच धोक्याचे. म्हणून अशा मुलामुलींसाठी पंखाचे दोन स्वतंत्र ब्रिज, म्हणजे प्रत्येक बाजूला एक दात आणि त्याला एकच पंख, हा मला सर्वांत समंजस मार्ग वाटतो. ते उत्तम टिकले, तर तोच कायमचा उपाय ठरू शकतो.

फक्त दोन पथ्ये पाळावी लागतील. तारा काढल्यानंतर दात लगेच स्थिर होत नाहीत, त्यामुळे पहिले काही महिने काढता-घालता येणाऱ्या रिटेनरमध्येच (दात जागेवर धरून ठेवणाऱ्या साच्यातच) दोन तात्पुरते दात बसवून घ्यावेत आणि कायमचे माप त्यानंतर द्यावे. दुसरे असे की एका पंखाचा ब्रिज दातांना जागेवर धरून ठेवत नाही. तो एकाच दातावर स्वार असतो. त्यामुळे ब्रिज बसल्यानंतरही रात्रीचा रिटेनर सुटता कामा नये, आणि तो ब्रिज बसवल्यानंतर नव्याने बनवावा लागतो. बारावीच्या धावपळीत नेमका हाच रिटेनर डब्यात पडून राहतो, असा सर्वच दवाखान्यांचा अनुभव आहे.

प्रश्न : देवळाली कॅम्प येथून लिहीत आहे, वय ७१. मधुमेह आहे, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे. खालचा पुढचा एक दात हिरडीच्या आजाराने इतका हलतो की काढावाच लागेल. डॉक्टर म्हणाले, ‘तुमचाच दात पुन्हा त्याच जागी बसवून देतो.’ हे खरोखर शक्य आहे का, की माझी समजूत घातली?

समजूत घातलेली नाही. आपल्या वयात आणि आपल्या औषधांच्या यादीसह हा फारच उचित सल्ला आहे. दात काढल्यानंतर त्याचे मूळ कापून टाकतात, वरचा भाग आतून स्वच्छ करून फिलिंगच्या कॉम्पोझिटने भरतात, खालची बाजू गुळगुळीत गोलाकार करतात आणि काचेच्या किंवा पॉलिथिलीनच्या तंतूंच्या अरुंद फितीने शेजारच्या दातांना जिभेच्या बाजूने चिकटवतात. रंग, आकार, झिजलेली कड, सगळे आपलेच असल्यामुळे समोरच्याला शंकाही येत नाही. ही फीत शेजारचे थोडेफार हलणारे दातही सांधून धरते. रोशेट यांनी १९७३ मध्ये ज्या रुग्णांसाठी आपली पट्टी बनवली, ते बरेचसे आपल्यासारखेच होते.

गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये. ज्यांनी ती दिली आहे, त्यांना विचारूनच दात काढण्याचा दिवस ठरवावा. साखर आटोक्यात असल्याचा अलीकडचा अहवालही सोबत न्यावा. हिरड्यांची सफाई आधी आणि ब्रिज नंतर, हा क्रम उलटा झाला तर हिरड्यांचा आजार तसाच ठेवून फीत चिकटवल्यासारखे होईल. दात काढलेल्या जागेची हिरडी पुढच्या काही महिन्यांत खाली बसते आणि बसवलेल्या दाताखाली फट दिसू लागते. त्याला घाबरण्याचे कारण नाही, तेवढे कॉम्पोझिट वाढवून घेता येते. खालच्या पुढच्या दातांच्या मागेच लाळग्रंथींची तोंडे उघडतात, म्हणून तेथे किटण सर्वांत लवकर साचते. फितीखालून रोज बारीक ब्रश फिरवावा आणि दर काही महिन्यांनी किटण काढून घ्यावे.

प्रश्न : आठ वर्षांपूर्वी पुढच्या एका दातासाठी दोन्ही बाजूंना धातूचे पंख असलेला ब्रिज बसवला. अलीकडे सफरचंद चावताना ‘कट्’ असा आवाज येतो आणि सकाळी त्या भागातून वास येतो. दुखत काहीच नाही. सातपूरहून वेळ काढून येणे जमत नाही, थांबले तर चालेल का?

थांबू नये, याच आठवड्यात दाखवावे. आपण वर्णन केलेला आवाज एक पंख सुटल्याचा आहे, आणि दुसरा घट्ट असल्यामुळे ब्रिज जागच्या जागी दिसतो आहे. हीच या दोन पंखांच्या पद्धतीची खरी वाईट बाजू. सुटलेल्या पंखाखाली अन्न आणि लाळ शिरते, तेथे ब्रश पोहोचत नाही, दुखत नाही म्हणून रुग्ण येत नाही, आणि ब्रिज निघतो तेव्हा त्याखालचा पूर्वी अखंड असलेला दात पोखरलेला सापडतो. एका पंखाचा ब्रिज सुटला तर तो सरळ हातात येतो. प्रसंग लाजिरवाणा असतो, पण दाताचे नुकसान होत नाही.

घट्ट असलेला पंख खरोखर घट्ट असेल आणि चावा अनुकूल असेल, तर सुटलेला पंख तोंडातच कापून काढता येतो आणि उरलेला ब्रिज एका पंखावर पुढे चालवता येतो. दहा-पंधरा मिनिटांचे काम आहे. अन्यथा पूर्ण काढून, कीड तपासून, नव्याने चिकटवावा लागेल. दरम्यान तो संपूर्ण निघालाच तर स्वच्छ धुऊन एखाद्या डबीत ठेवावा. घरी फेविक्विकने चिकटवण्याचा प्रयोग अजिबात करू नये. त्याचा थर पंखावर आणि इनॅमलवर बसतो, तो खरवडून काढताना दोहोंची हानी होते, आणि ब्रिज केसभर तिरका बसला तरी चावा बिघडतो. अशा डब्या मला वरचेवर पाहायला मिळतात, म्हणून हे ठासून लिहीत आहे.

प्रश्न : निफाडहून. खालची पहिली मोठी दाढ काढली आहे, तिच्यामागच्या दाढेत मोठे चांदीचे फिलिंग आहे. येथेही पंखाचा ब्रिज बसेल का? तंबाखूची सवय आहे. शिवाय पत्नीला खोट्या दागिन्यांनी अंगाला खाज सुटते; तिला पुढचा दात बसवायचा आहे, धातू चालेल का?

आपल्यासाठी माझे उत्तर नकारार्थी आहे. दाढांवर येणारा भार पुढच्या दातांपेक्षा कितीतरी अधिक असतो, जीभ व लाळ यांमुळे तेथे दात कोरडा ठेवणे कठीण असते, आणि पहिल्या मोठ्या दाढेची जागा रुंद असल्याने एका पंखावर एवढा लांब दात तोलून धरणे धोक्याचे ठरते. मागची दाढ आधीच पोखरून भरलेली आहे. तिला आज ना उद्या कॅप लागणारच असेल, तर तेथे नेहमीचा ब्रिज हा अपराध नव्हे. इम्प्लांट करायचे तर आधी तंबाखू सोडावी लागेल, कारण त्याने जखम भरण्यात आणि हाड टिकण्यात बाधा येते. जागा फार काळ रिकामीही ठेवू नये. वरची दाढ खाली उतरू लागते आणि मागची पुढे कलते. हेच अगदी शेवटच्या दाढेबद्दल असते, तर पुष्कळदा काहीच न बसवण्याचा सल्ला दिला असता. नेदरलँड्समधील कायझर यांनी १९८१ मध्येच मांडले की मागच्या काही दाढा नसतानाही पुरेशा दातांवर माणूस व्यवस्थित चावू शकतो.

आपल्या पत्नीच्या तक्रारीमागे बहुधा निकेल असावे. स्वस्त दागिन्यांत ते असते, आणि ब्रिजच्या पंखांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या निकेल-क्रोममध्येही ते असते. ही गोष्ट माप देण्याआधीच डॉक्टरांना सांगावी आणि पंखासह संपूर्ण ब्रिज झिर्कोनियाचा मागावा. त्यामुळे पातळ दातामागून धातूची करडी झाक दिसण्याचा प्रश्नही उरत नाही. मात्र झिर्कोनियाचा ब्रिज बनवणारी लॅब अनुभवी असावी आणि चिकटवणाऱ्याकडे वर सांगितलेली सर्व साधने असावीत. जवळपास असे कोणी न आढळल्यास नाशिकला पंचवटीत के.बी.एच. दंत महाविद्यालय आहे. तेथील कृत्रिम दंतोपचार विभागात चौकशी करता येईल. दोघांचे जुने एक्स-रे असतील तर तेही सोबत न्यावेत.